मदत हवी आहे: ताईच्या केमोत दोन औषधांऐवजी एकच चालेल का?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ.

माझ्या ताईला (वय ४६) स्तनाचा कर्करोग झाला आहे. ऑपरेशन झालं. गाठ २.८ सेंटिमीटरची होती आणि काखेतल्या दोन लसिका ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनला दाद देणारी गाठ), हर-२ निगेटिव्ह (म्हणजे हर-२ हे प्रथिन वाढलेलं नाही). डॉक्टरांनी 'एसी-टी' सांगितली आहे, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड एकाच दिवशी, दर तीन आठवड्यांनी चार वेळा, आणि मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला बारा वेळा.

पहिली केमो झाली. नळीतून येणारं ते लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) बघूनच ती गप्प झाली होती. त्या दिवशी लघवीही लालसर झाली, ते औषधाच्या रंगामुळे होतं हे आम्हाला नंतर कळलं. उलट्या फारशा झाल्या नाहीत, पण तोंड आलं, पाणीसुद्धा झोंबायचं. सतराव्या दिवशी कंगव्यात केसांचा पुंजका आला. त्या दिवशी ती रडली नाही, मीच रडले.

परवा दुसऱ्या केमोला गेलो तर न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) फक्त ८००. आठवड्याने या म्हणाले. तेव्हापासून ताईचं एकच म्हणणं: "शरीर नको म्हणतंय. ते लाल काढायला सांग, एकच औषध द्या म्हणावं. हृदय बिघडवून घ्यायचं नाही मला." ती उगाच हट्ट करणारी नाही. आजवर एका शब्दाने तक्रार न करता सगळं सोसलंय तिने, म्हणून तिचं हे बोलणं मला टाळता येत नाही.

एक औषध खरंच गाळता येतं का? आठवडाभर उशीर झाल्याने काही बिघडतं का? सोमवारी डॉक्टरांना भेटायचं आहे, त्यांना नेमकं काय विचारू?

रानवारा:
मी स्वतः एसी-टी घेतली आहे, सहा वर्षं झाली. माझीही दुसरी केमो आठवडाभर पुढे गेली होती. तेव्हा वाटलं, सगळं फसलं. तसं काही नसतं, असे खंड अनेकींना पडतात. ताईंना हे नक्की सांगा.

एक गोष्ट मात्र आजच करा. थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त झाला तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठा. ताप न मोजता पॅरासिटॅमॉल देऊ नका, ताप झाकला जातो. पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत हाताबाहेर जातो.

सदाफुली:
केमोच्या डे-केअरमध्ये बारा वर्षं नर्स आहे. तुमच्या ताईंचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

दोन-तीन औषधं देण्यामागचा विचार सांगते. गाठीतल्या सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. एका औषधाला दाद न देणाऱ्या पेशी दुसऱ्याला देतात. डॉक्सोरुबिसिन पेशीच्या डीएनएत घुसून त्याची उलगड अडवतं, सायक्लोफॉस्फमाइड डीएनएचे धागे एकमेकांना जखडतं आणि पॅक्लिटॅक्सेल विभागणी होत असतानाच पेशीला अडकवून ठेवतं. वार तीन वेगवेगळ्या जागी होतो. ऑपरेशननंतर तीन औषधांची 'सीएमएफ' केमो दिली की आजार परत येण्याचं प्रमाण घटतं, हे मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी १९७६ मध्ये दाखवलं. आजच्या जोड्या त्याच विचारातून पुढे आल्या.

हृदयाची भीती खोटी नाही. पण ती एकूण डोसशी बांधलेली असते. चार एसी मिळून डॉक्सोरुबिसिन साधारण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर होतं. धोका झपाट्याने वाढतो तो ४०० च्या पुढे. धोका शून्य नाही, म्हणून तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. तो बघायला मागा.

आजार बरा करायचा असतो तेव्हा पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून लगेच औषध गाळत नाहीत. पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन केमोनंतर देऊन डोस टिकवायचा प्रयत्न होतो. ते देणार का, हे विचारा. आणि ताईंना लाल औषध मनातून नकोच असेल तर तेही मोकळेपणाने मांडा. डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फमाइड ही 'टीसी' जोडी लाल औषधाशिवायच असते. ती कुणाला पुरेशी ठरते हे गाठीच्या प्रकारावर आणि काखेतल्या ग्रंथींवर ठरतं. पण तीही जोडीच आहे, एकटं औषध नाही.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद ताईला वाचून दाखवले. "तीन जागी वार" हे तिने दोनदा वाचायला लावलं.

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. इकोत हृदयाचं पंपिंग ६२ टक्के आहे, तो रिपोर्ट त्यांनी आम्हाला दाखवला. टीसीचंही विचारलं. ग्रंथींत पेशी सापडल्यामुळे त्यांना एसी-टीच हवी आहे. न्यूट्रोफिल २१०० वर आलेत, उद्या दुसरी केमो आणि परवा जी-सीएसएफचं इंजेक्शन. ताई 'हो' म्हणाली, पण तिची एक अट आहे: चौथ्या एसीनंतर इको पुन्हा करायचा. डॉक्टरांनी ते मान्य केलं.

त्या इंजेक्शनने हाडं दुखतात म्हणे. कुणाला किती दिवस दुखलं आणि कशाने आराम पडला, सांगाल का?