वादचर्चा संपताच ‘कोण जिंकले’ हे वाहिन्यांनी सांगावे का?

श्रीनिवास (धागालेखक)

१० सप्टेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय संविधान केंद्रात अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची वादचर्चा झाली. एबीसी वाहिनीने ती घडवून आणली होती आणि साडेसहा कोटींहून अधिक अमेरिकनांनी ती दूरचित्रवाणीवर पाहिली. आयातशुल्क, गर्भपाताचा कायदा, आरोग्यविमा, युक्रेन, गाझा असे मतदाराच्या आयुष्याशी आणि जगाच्या भवितव्याशी थेट संबंध असलेले विषय त्यात येऊन गेले. आरोग्यविम्याची सध्याची व्यवस्था बदलून तिच्या जागी काय आणणार, या प्रश्नावर ट्रम्प यांनी आपल्याजवळ योजनेच्या ‘संकल्पना’ आहेत एवढेच सांगितले. जमिनीखालच्या खडकातून वायू काढण्याच्या पद्धतीवर बंदी घालण्याची आपली जुनी भूमिका का बदलली, याचे हॅरिस यांनी दिलेले उत्तरही मला अपुरे वाटले. ही दोन्ही उत्तरे तपासून घेणे हे पत्रकारितेचे खरे काम होते. प्रत्यक्षात चर्चा संपून काही मिनिटे होतात न होतात तोच ‘जिंकले कोण’ हा प्रश्न पडद्यावर आला. सीएनएनच्या तात्काळ मतचाचणीत चर्चा पाहिलेल्या ६३ टक्के मतदारांनी हॅरिस यांना आणि ३७ टक्क्यांनी ट्रम्प यांना सरस ठरवले, आणि बाकीचा बराचसा ऊहापोह त्या आकड्यांच्या आधाराने झाला.

माझे म्हणणे असे आहे की वाहिन्यांनी निदान त्या रात्री तरी जय-पराजयाचा निर्णय देऊ नये. १९७६ मध्ये ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्को येथे तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्यात जी चर्चा झाली, तिच्यात फोर्ड यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असे विधान केले. त्याच रात्री ज्यांची मते घेतली गेली, त्या प्रेक्षकांना दोघे जवळजवळ तुल्यबळ वाटले होते. पुढच्या चोवीस तासांत वृत्तपत्रे व वाहिन्यांनी ते एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर ठेवले आणि पारडे कार्टर यांच्या बाजूला निर्विवाद झुकले. चर्चा तीच होती, पाहणारे लोकही तेच होते. बदलले ते त्यांना काय वाटले पाहिजे हे सांगणारे आवाज.

मृणालिनी (न्यू जर्सी)

श्रीनिवासराव, आपण दिलेले उदाहरण आपल्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते, असे मला वाटते. त्या वेळी पोलंडमध्ये आणि पूर्व जर्मनीत सोव्हिएत सैन्य तळ ठोकून होते. हंगेरीत १९५६ मध्ये आणि चेकोस्लोव्हाकियात १९६८ मध्ये रणगाडे शिरले होते. प्रश्न विचारणारे न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकल यांनी फोर्ड यांना सावरण्याची संधी दिली, तरी त्यांनी आपले म्हणणे पुढे रेटले. घरी बसून पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात हा सगळा इतिहास त्या क्षणी जागा नसेल आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राने तो त्याच्यासमोर मांडल्यावर त्याचे मत बदलले असेल, तर त्याला मी दिशाभूल म्हणणार नाही. त्या माणसाला नवीन माहिती मिळाली आणि त्याने तिचा उपयोग केला. चुकीचे विधान चुकीचे होते हे सांगण्यासाठी पत्रकाराने किती दिवस थांबावे, अशी आपली अपेक्षा आहे?

दुसरे उदाहरण २७ जून २०२४ चे. अटलांटा येथे सीएनएनच्या स्टुडिओत ट्रम्प यांच्यासमोर उभे असलेले जो बायडेन वाक्ये अर्ध्यावर सोडत होते, आवाज बसलेला होता आणि विचारांचा धागा तुटत होता. त्यानंतर विश्लेषकांनी डेमोक्रॅटिक पक्षात उडालेल्या घबराटीविषयी लगेच बोलायला सुरुवात केली. ते गप्प बसले असते आणि त्यांनी करविषयक धोरणाचा काथ्याकूट केला असता, तर डोळ्यांना दिसणारी गोष्ट लपवल्याचा आरोप त्यांच्यावर आला असता, आणि तो खरा ठरला असता. बायडेन यांनी २१ जुलैला उमेदवारी सोडली. त्या रात्रीचे वार्तांकन जर सौम्य, सावध आणि निर्णयशून्य राहिले असते, तर एवढा मोठा प्रश्न पक्षासमोर वेळेत आलाच नसता.

श्रीनिवास

मृणालिनीताई, चूक दाखवणे आणि विजेता जाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझा विरोध फक्त दुसरीला आहे. पोलंडमध्ये सोव्हिएत सैन्य आहे, हे त्याच रात्री ठणकावून सांगावे. ‘म्हणून कार्टर जिंकले’ हे वाक्य मात्र प्रेक्षकाने स्वतः तयार करावे किंवा करू नये. बायडेन यांच्याविषयीही माझे म्हणणे तेच आहे. त्यांची अवस्था लोकांनी स्वतः पाहिली आणि ती पाहण्यासाठी ट्रम्प ६७, बायडेन ३३ टक्के असा मतचाचणीचा आकडा लागला नाही.

हा आकडा निरुपद्रवी नसतो, याला प्रयोगाचा आधार आहे. २०१० मध्ये ब्रिटनमधील निवडणुकीच्या वेळी कॉलिन डेव्हिस, जेफ्री बॉवर्स आणि अमिना मेमन या मानसशास्त्रज्ञांनी १५० जणांना नेत्यांची चर्चा थेट दाखवली. पडद्याच्या खाली, निर्णय न झालेल्या मतदारांचा प्रतिसाद दाखवणारी, वर-खाली होणारी रेषा होती. ती रेषा संशोधकांनी हातचलाखीने हलवलेली होती, एका गटाला ती तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या बाजूची दिसत होती आणि दुसऱ्या गटाला लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग यांच्या बाजूची. चर्चा एकच असूनही कोण जिंकले याविषयी दोन्ही गटांची मते वेगळी झाली, आणि पंतप्रधान म्हणून कोण हवा यावरही त्या रेषेचा परिणाम दिसला. अशीच रेषा खऱ्या प्रक्षेपणात वापरली जाते आणि तिच्यामागे बऱ्याचदा मूठभर माणसे बसवलेली असतात. कोट्यवधी लोकांच्या विचारप्रक्रियेत मूठभर माणसांचा अंगठा चर्चा चालू असतानाच घुसवण्याचा अधिकार वाहिनीला कुणी दिला?

प्रसन्न (पुणे)

दोघांचेही म्हणणे वाचले. या सगळ्या वार्तांकनाच्या सामर्थ्याविषयी आपण फार मोठी कल्पना करून घेतली आहे, असे माझे मत आहे. २०१० मध्ये पहिल्या चर्चेनंतर क्लेग यांचा ब्रिटनभर गाजावाजा झाला. प्रत्यक्ष मतदानात त्यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या. २०१२ मध्ये डेन्व्हरच्या चर्चेत मिट रॉम्नी यांनी ओबामांना मागे टाकले हे जवळजवळ सर्वमान्य होते, तरी ओबामाच निवडून आले. २०१६ मध्ये सीएनएनच्या मतचाचण्यांनी तिन्ही चर्चा हिलरी क्लिंटन यांच्या पदरात टाकल्या होत्या, तरी निवडून आले ट्रम्पच. आणि श्रीनिवास यांनी सांगितलेल्या ६३ टक्क्यांनंतर ५ नोव्हेंबर २०२४ ला काय झाले ते आपण जाणतोच. जो निर्णय मतदार मानतच नाही, तो देऊ नका म्हणून एवढी तळमळ कशासाठी?

१९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेची कथाही याच जातीची आहे. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन आणि दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी जिंकल्यासारखे वाटले, हे आजही पाठ्यपुस्तकातल्या सत्यासारखे सांगितले जाते. त्याचा मुख्य आधार असलेल्या पाहणीत रेडिओ ऐकणाऱ्यांची संख्या अगदी थोडी होती. शिवाय त्या काळी रेडिओवर विसंबणारा श्रोता ग्रामीण भागात अधिक असणार, आणि तिथे कॅथलिक केनेडींविषयी आधीपासूनच अढी असण्याची शक्यता होती. निक्सन यांच्या घामाची आणि फिकट चेहऱ्याची गोष्ट आकर्षक आहे म्हणून ती टिकली.

मृणालिनी

प्रसन्न, मतदान बदलत नाही म्हणून वार्तांकन बिनमहत्त्वाचे ठरत नाही. देणग्या, कार्यकर्त्यांचा उत्साह, पक्षनेत्यांचा धीर हे सगळे त्या पहिल्या दोन दिवसांत ठरते. जून २०२४ चा अनुभव याहून स्पष्ट असू शकत नाही.

श्रीनिवासराव, आपल्याला माझा मुख्य आक्षेप असा की वाहिनी गप्प बसली तरी ती जागा रिकामी राहत नाही. फिलाडेल्फियाच्या चर्चेनंतर प्रवक्ते जिथे पत्रकारांशी बोलतात त्या दालनात ट्रम्प स्वतः आले आणि आपणच जिंकलो असे सांगू लागले. हॅरिस यांच्या प्रचारयंत्रणेने लगेच दुसऱ्या चर्चेची मागणी करून आपला आत्मविश्वास जाहीर केला. दोन्ही बाजूंचे लोक चर्चा चालू असतानाच सोयीचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे कापून भ्रमणध्वनीवर पाठवत असतात. तटस्थ विश्लेषकाला आपण सकाळपर्यंत थांबायला सांगाल, तर ती पूर्ण रात्र पगारी प्रवक्त्यांच्या ताब्यात जाईल. अभ्यास असलेल्या माणसाचा निर्णय कधीकधी चुकतो, पण तो निदान उमेदवाराच्या पगारावर नसतो.

श्रीनिवास

प्रवक्त्यांच्या ज्या दालनाचा आपण उल्लेख केला, ते दालन वाहिन्यांनीच चालवलेले आहे. तिथे कोण येऊन काय बोलणार हे सगळ्यांना आधीच माहीत असते, कारण आपला उमेदवार हरला असे सांगणारा प्रवक्ता तिथे आजवर उभा राहिलेला नाही. तरीही प्रत्येक वाहिनी कॅमेरे लावून ती पोपटपंची थेट दाखवते. तो अर्धा तास काढून घ्यावा आणि तो उत्तरांच्या पडताळणीला द्यावा, एवढी माझी मागणी आहे. १९८८ मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेने चर्चांच्या आयोजनातून अंग काढून घेतले, ते दोन्ही पक्षांच्या प्रचारयंत्रणांनी प्रश्नकर्त्यांपासून सभागृहातील श्रोत्यांपर्यंत सगळे आपसात ठरवून टाकले होते म्हणून. अशा स्थितीत आपण सहभागी झालो तर ती अमेरिकन मतदाराची फसवणूक ठरेल, असे त्या संस्थेने उघडपणे म्हटले होते. आपल्या व्यासपीठाचा वापर कुणी कशासाठी करावा हे ठरवण्याचा असा ताठ कणा एकाही वाहिनीने दाखवल्याचे मला दिसत नाही.

शर्वरी (नागपूर)

पडताळणीचा आग्रह योग्य आहे, परंतु ती कुणी आणि केव्हा करायची हा प्रश्न श्रीनिवास यांनी सोपा समजला आहे. सीएनएनच्या निवेदकांनी जूनमध्ये एकाही दाव्याला जागेवर हरकत घेतली नाही, तेव्हा असत्य विधाने खपवून घेतल्याची टीका झाली. सप्टेंबरमध्ये ओहायोतील स्प्रिंगफिल्ड येथे स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खातात असे ट्रम्प म्हणाले, आणि एबीसीचे डेव्हिड म्यूर यांनी नगर प्रशासनाकडे तसा कोणताही विश्वासार्ह अहवाल नसल्याचे तिथेच सांगितले, तेव्हा एकाच उमेदवाराला अडवल्याचा आरोप झाला. २०१२ मध्ये ओबामा-रॉम्नी चर्चेत, लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकी कचेरीवर झालेल्या हल्ल्याच्या प्रश्नावर निवेदिका कँडी क्राउली यांनी एका वाक्यात केलेला हस्तक्षेप अजूनही वादाचा विषय आहे. तथ्य सांगणे आणि निर्णय देणे यांच्यातली रेघ श्रीनिवास यांना जितकी ठळक दिसते, तितकी ती प्रेक्षकाला दिसत नाही. ज्याचे विधान खोटे ठरले तो हरला, असेच पाहणारा समजतो.

आणि आपल्याकडची परिस्थिती पाहिली की हा सगळा वाद मला थोडा हेवा वाटावा असा वाटतो. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, मुंबई उच्च न्यायालयातही काम केलेले माजी न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी ते स्वीकारले, भाजपच्या बाजूने युवा मोर्चाच्या एका पदाधिकाऱ्याचे नाव पुढे करण्यात आले आणि चर्चा झालीच नाही. आपल्याकडे संसदीय पद्धत आहे हे कारण पुरेसे नाही, कारण ब्रिटन आणि कॅनडा येथेही तीच आहे. त्यामुळे आपल्या वाहिन्यांना वार्तांकनासाठी मूळ चर्चाच मिळत नाही, आणि रोज रात्री आठ चौकटींत आठ प्रवक्ते बसवून, विषयाच्या मथळ्यातच दोषी कोण हे लिहून, त्या स्वतःच एक वादचर्चा तयार करतात. मराठी वाहिन्याही याला अपवाद राहिलेल्या नाहीत, याचे मला मनापासून दुःख आहे.

श्रीनिवास

शर्वरीताई, मथळ्यातच दोषी ठरवण्याची सवय आणि चर्चा संपताच विजेता ठरवण्याची सवय या एकाच वृत्तीतून येतात, म्हणूनच मी हा विषय मांडला. उद्या आपल्याकडे अशी चर्चा खरोखर झाली, तर ती याच निवेदकांच्या हाती जाईल. नियम आधी ठरले पाहिजेत.

नमुना हवा असेल तर अमेरिकेतच आहे. सी-स्पॅन ही वाहिनी चर्चा कोणतीही टिप्पणी न करता पूर्ण दाखवते आणि नंतर प्रेक्षकांसाठी दूरध्वनी खुला करते. विश्लेषक नाहीत, रेषा नाही. लोक स्वतः बोलतात आणि निवेदक ऐकून घेतो.

मृणालिनी

सी-स्पॅन मीही पाहते आणि त्या वाहिनीविषयी मला आदर आहे. परंतु तिथे रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष यांच्यासाठी दूरध्वनीच्या वेगवेगळ्या ओळी असतात, आणि बोलणारे बहुतेक जण आपापल्या उमेदवाराचेच कौतुक करतात. आयातशुल्काचा भार शेवटी ग्राहकावर पडतो की निर्यात करणाऱ्या देशावर, हे त्या रात्री ज्याला खरोखर समजून घ्यायचे होते, त्याला त्या दूरध्वनींतून उत्तर मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी जाणकाराने स्वतःच्या नावाने आणि जबाबदारीने बोलावे लागते. तसे बोलताना तो कुणाचे उत्तर अधिक टिकणारे होते हेही सांगणार. ते सांगू नये, असा नियम मला मान्य नाही.