'आग'ला एवढी शिक्षा नको, पहिला नंबर 'द्रोणा'चा
२००१-१० च्या दशकातला सगळ्यात वाईट हिंदी पिक्चर कोणता, या चर्चेत बहुतेकांनी रामूच्या (राम गोपाल वर्माच्या) 'आग'ला डोळे झाकून पहिला नंबर देऊन टाकलाय, पण मला ते पटत नाही. म्हणजे पिक्चर भयाण आहे यात वादच नाही, 'शोले'ला हात लावायचा आणि ठाकूरच्या हातांऐवजी नुसती बोटंच तोडायची, मोहनलालसारख्या माणसाला आणून वाया घालवायचं, सगळं मान्य. पण अमिताभने, ज्याने 'शोले'त जय केला त्यानेच, बब्बन (इथला गब्बर) म्हणून काहीतरी विचित्र करून बघितलंय, त्यामुळे निदान कुतूहल तरी टिकतं.

'जानी दुश्मन' (२००२) तर या यादीतच नको राव! इच्छाधारी नाग झालेला अरमान कोहली, त्याच्या तावडीत सनी, अक्षय, सुनील शेट्टी, आणि हो, चक्क सोनू निगम, चार मित्र जमवून बघा, पोट दुखेपर्यंत हसाल. पैसा वसूल.

माझ्या मते खरा मान २००८ च्या 'द्रोणा'चा. वाईट असण्यापेक्षा कंटाळवाणा असणं हा मोठा गुन्हा, आणि इथे अभिषेक असा वावरतो की जग वाचवायला नाही, बँकेत पासबुक भरून घ्यायला आलाय. एकटा के के मेनन जीव तोडून ओव्हरअ‍ॅक्टिंग करतो, तेवढाच काय तो विरंगुळा. मी थिएटरात बघितलाय हो, इंटरव्हलला समोसा खाल्ला तो जास्त लक्षात आहे.

'लव्ह स्टोरी २०५०'चं नाव कोणीच कसं काढलं नाही अजून?