हॉटेलची नोकरी सांभाळून ऑनलाइन डिग्री: म्हापशाच्या माणसाकडे पैसे भरू का?

शिफ्टवाला
नमस्कार. मी पेडण्याचा. बारावी कॉमर्स करून कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागलो, तो अजून तिथेच. आता वरच्या जागेसाठी ग्रॅज्युएशन मागतात. शिफ्ट फिरती, सीझनमध्ये रजेचं नाव काढायची सोय नाही, म्हणजे रोजचं कॉलेज शक्य नाही. म्हापशाला एकाने ऑफिस थाटलंय. तो म्हणतो परराज्यातल्या युनिव्हर्सिटीची ऑनलाइन बी.एस्सी. हॉटेल मॅनेजमेंट करून देतो, अ‍ॅडमिशन गेल्या वर्षाची दाखवू, तुझं एक वर्ष वाचेल. फी त्याच्याच नंबरवर जीपे करायची. युनिव्हर्सिटी नेटवर बघितली, खरी आहे, कॅम्पस केवढा तरी मोठा. घरचे म्हणतात उशीर करू नको. भरू का?

डिचोलीकर
‘गेल्या वर्षाची अ‍ॅडमिशन’ इथपर्यंत वाचलं. पळ.

कागदवाली
मी वेर्ण्याला एका कारखान्यात एच.आर.ला आहे. नव्या माणसाची सर्टिफिकेटं पडताळायचं काम माझ्याकडे, त्यामुळे असले नमुने टेबलावर येतच असतात.

आधी मुद्द्याचं. हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री ऑनलाइन किंवा डिस्टन्सने द्यायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या आयोगाची, परवानगीच नाही, मग युनिव्हर्सिटी कुठलीही असो. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर हेही त्याच यादीत. म्हापशाच्या गृहस्थाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दुसरं, तू युनिव्हर्सिटी खरी आहे का ते पाहिलंस. बहुतेक जण तेवढंच पाहतात आणि तिथेच फसतात. परवानगी एकेका कोर्सला आणि एकेका सेशनला असते. त्याच युनिव्हर्सिटीला ऑनलाइन बी.कॉम.ची असेल, बी.बी.ए.ची नसेल. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या साइटवर याद्या आहेत. त्यात युनिव्हर्सिटी, कोर्स आणि तू ज्या सेशनला प्रवेश घेणार ते सेशन, तिन्ही एकत्र सापडायला हवं. ऑनलाइनची यादी वेगळी, डिस्टन्सची वेगळी, तेही बघ.

२०२४ पासून डीईबी-आयडी, म्हणजे अशा कोर्सला प्रवेश घेणाऱ्याचा डीईबीच्या साइटवरचा नंबर, सक्तीचा आहे. आधी एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुझे क्रेडिट जमा होणारं सरकारी खातं), त्यावर डीईबी-आयडी, आणि प्रवेशाची नोंद त्याच्यावर. मग हा गेल्या वर्षाची तारीख घालणार कुठे? आयडी तुझा तू काढ, ओटीपी कुणाला देऊ नकोस. फी युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या साइटवर भरायची. फ्रँचायझी देऊन कोर्स चालवायला यूजीसीची मनाई आहे, म्हणजे ‘आमच्या सेंटरवर अ‍ॅडमिशन’ हे वाक्यच संशयाचं.

ऑनलाइन डिग्रीला किंमत नसते हे मात्र खोटं. मान्यता असेल तर ती रेग्युलरच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी कळवलंय. मान्यता नसेल तर काय होतं तेही ऐक. काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी परवानगीशिवाय डिस्टन्सने इंजिनिअरिंगच्या डिग्र्या वाटल्या होत्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने २००१ ते २००५ च्या बॅचच्या स्थगित करून परीक्षा द्यायला लावली आणि पुढच्या रद्दच केल्या. माणसं तोवर नोकरीत स्थिरावलेली होती रे!

शिफ्टवाला
बापरे. मग बी.कॉम. करू? नाशिकचं मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं म्हणे.

कागदवाली
शिकवतं, आणि चांगलं आहे, १९८९ पासूनचं. पण ते महाराष्ट्राचं राज्य विद्यापीठ. डिस्टन्सची केंद्रं त्यांना राज्याबाहेर काढता येत नाहीत. गोव्यात त्यांचं केंद्र आहे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

इग्नूचा_पास
मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बी.कॉम. केलं, पर्वरीला एका शोरूममध्ये नोकरी करत. केंद्रीय विद्यापीठ आहे, त्यामुळे राज्याच्या हद्दीचा प्रश्न येत नाही, आणि गोव्यात त्यांचं रीजनल सेंटर आहे. पण भाऊ, सोपं समजू नको. असाइनमेंटला ३० टक्के, लेखी परीक्षेला ७०. असाइनमेंट वेळेत गेली नाही की निकाल अडकतो. आणि परीक्षा जून आणि डिसेंबरला. डिसेंबरात तुझा मॅनेजर तुला सोडेल होय? जूनला हॉटेलं रिकामी असतात, तेव्हा जास्त पेपर काढ. तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, म्हणून जीव काढायची गरज नाही. व्हिडिओ बघून होईल असं वाटत असेल तर पुस्तकं आधी चाळून बघ.

शिफ्टवाला
म्हापशाच्या माणसाला डीईबीची यादी पाठवली. ब्लू टिक झाली, उत्तर नाही. ताई, एक अडचण: बारावीच्या मार्कशीटवर माझं नाव वडिलांच्या नावासकट आहे, आधारवर नुसतं नाव-आडनाव. चालेल?

कागदवाली
अडेल. एबीसी आधारवरून निघतो. आधी आधार मार्कशीटप्रमाणे करून घे, मग आयडी काढ. फॉर्म भरायची घाई त्यानंतर.