रोजचं खाणं आणि कॅलरी लिहायची सोपी पद्धत सुचवा

वरणफळ:
आहारतज्ज्ञांनी रोज काय आणि किती खाते ते लिहून आणायला सांगितलंय. दोन अ‍ॅप उतरवून पाहिली. एकात भाकरीच सापडेना, दुसऱ्यात 'पोहे' शोधले तर सात-आठ वेगवेगळे आकडे आले. स्वयंपाक सासूबाई करतात, आणि त्यांना प्रमाण विचारलं की "हाताला कळतं" एवढंच उत्तर. ऑफिसात डबा उघडून टाइप करत बसणं जमत नाही. वही, अ‍ॅप, एक्सेल, तुम्ही काय वापरता? पैसे भरायला हरकत नाही, पण उपयोग होणार असेल तरच.

बंड्या_ठाणेकर:
हेल्दीफायमी बघा. भारतीय आहे, आपले पदार्थ बरेच मिळतात. ताटाचा फोटो काढायचा, आकडा तयार.

अर्धा_चमचा:
बंड्याभाऊ, फोटोत वाटी दिसते, त्यात पडलेला शेंगदाण्याचा कूट कसा दिसणार? साबुदाण्याची खिचडीच घ्या. कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम म्हणजे 210 कॅलरी. कूट 25 ग्रॅम, जवळपास 140. तूप 10 ग्रॅम, 90. झाले 440, बटाटा वेगळाच. कूट-तुपाचा हात सैल असला की तीच बशी सहाशेवर जाते आणि फोटो तसाच दिसतो.

कांदाभजी:
वरणफळताई, अ‍ॅप नंतर ठरवा. आधी घरातलं मोजून घ्या, तेही एकदाच. ताटातलं मोजू नका, पीठ आणि तेल मोजा. सासूबाई भाकरी थापायला बसल्या की पिठाचा डबा आधी आणि नंतर काट्यावर ठेवायचा. जेवढं पीठ कमी झालं त्याला भाकऱ्यांच्या संख्येने भागायचं. त्यांना काही विचारायलाच नको! ज्वारीचं पीठ 100 ग्रॅमला साधारण 340–350 कॅलरी. एका भाकरीला 50 ग्रॅम लागत असेल तर 170 धरा. पोळीचं तसंच, फक्त वरचं तेल वेगळं.

तेलाचं तर भाजीवारी मोजूच नका, वेड लागेल. एक लिटरच्या पाकिटावर बहुधा 910 ग्रॅम छापलेलं असतं. ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे पाकिटात 8,190. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोजच्या 270 च्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. पाकीट फोडलं की त्यावर तारीख टाका, बस. तळणाचं उरलेलं तेल वजा करा.

मग पंधरा-वीस नेहमीच्या पदार्थांची यादी फ्रिजवर लावायची आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाकायचा: "2 भाकरी, 1 वाटी पिठलं, ताक". वेळ आपोआप नोंदली जाते. बेरीज रात्री. मला तरी यापेक्षा सोयीचं काही सापडलं नाही.

अर्धा_चमचा:
+१. फक्त कच्चं की शिजलेलं ते लिहा. तांदूळ 100 ग्रॅम म्हणजे 350 च्या आसपास, शिजलेला भात तेवढाच घेतला तर 130 च्या आसपास. अ‍ॅपमध्ये नुसतं 'राइस' निवडलं की इथेच घोळ होतो. कच्च्या जिनसांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली तक्त्यांत छापलेत, त्यात पाचशेवर जिनसा आहेत. शिजवलेलं पिठलं मात्र तिथे शोधू नका.

मेतकूट_भात:
फ्रिजवर नको हो. घरात वयात येणारी मुलं असतील तर ती यादी वाचून ताटातलं मागे सारायला लागतात. कपाटाच्या आत चिकटवा.

आणि हे शुगरसाठी चाललंय का? तसं असेल तर नुसत्या कॅलरी लिहून भागत नाही. जेवणाची वेळ, भात-पोळी किती, मीटरवरचा आकडा, सगळं एका ओळीत लिहा. डॉक्टर तीच ओळ आधी वाचतात.

वरणफळ:
शुगर नाही, वजन आणि कोलेस्टेरॉल. पिठाच्या डब्याची युक्ती भारी आहे! लग्नात वगैरे जेवले तर काय लिहायचं? आणि दिवसाचे चार चहा?

कांदाभजी:
लग्नात काय खाल्लं तेवढं लिहा, आकडा कोरा सोडा. ओढूनताणून बेरीज जुळवण्यापेक्षा ते बरं. चहा मात्र सोडू नका. साखरेच्या एका चमच्याला 20, दूध म्हशीचं सायीसकट असेल तर अर्ध्या कपाला 80–90. चार चहा म्हणजे एक जेवणच झालं.

वरणफळ:
बाप रे. काटा कोणता घेऊ?

अर्धा_चमचा:
5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा. भांडं ठेवून शून्य करायचं बटण हवंच. परात ठेवली की आकडा झाकला जातो, म्हणून काट्यावर आधी एक वाटी उपडी घाला, शून्य करा आणि मग वर परात ठेवा.