मायचा युरिन कल्चर रिपोर्ट: अर्ध्या औषधांपुढे 'आर', मग सरळ मेरोपेनमच लावायचं का?

चोपड्याचा_बाळू
राम राम मंडळी. माय ६४ वर्षांची, लघवीला जळजळ, घडीघडी जावं लागतं, ताप नाही, कंबरेत-पाठीत दुखत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४४-४५ ला जातो आणि ती शेतात गेली की संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाही, कारण बायांना जायला आडोसा नसतो. मागंही हे होत राहिलं, तेव्हा मेडिकलवरून सिप्रो नाहीतर सेफिक्झिम आणायचो, बरं वाटलं की उरलेलं पाकीट डब्यात. या टायमाला डॉक्टरांनी आधी कल्चर (लघवीतला जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) करून आणा म्हटलं. रिपोर्टात लिहिलंय जंतू ई. कोलाय, संख्या एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. अँपिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, सिप्रो, लिव्हो, कोट्राय (कोट्रायमॉक्सॅझोल) सगळ्यांपुढं आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही. एस, म्हणजे औषध चालतं, फक्त नायट्रोफुरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन आणि मेरोपेनम.

डॉक्टरांनी नायट्रोफुरँटॉइनच्या कॅप्सूल दिल्या ५ दिवसांच्या. आता माझा मावसभाऊ म्हणतो ही लई जुनी आणि हलकी गोळी आहे, इतकी औषधं फेल गेली तर अॅडमिट करून मेरोपेनम लाव, ते सगळ्यात हेवी. आणि मायनं लिव्हो आयुष्यात घेतली नाही तरी तिच्यापुढं आर कसा काय आला? कोणी समजावून सांगा भो.

लॅबवाली_धुळे
बाळूभाऊ, मी मायक्रोबायोलॉजी लॅबमधे काम करते, डॉक्टर नाही, तर रिपोर्ट वाचायचा कसा तेवढं सांगते. सहा ठिकाणी आर दिसला म्हणजे सहा वेगळी औषधं हरली असं नाही. अँपिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन हे एकाच भाऊबंदकीतले, तिघांच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाचं एकच कडं असतं. जंतूच्या पेशीभोवती जी भिंत असते ती विणणाऱ्या एन्झाइमला ही औषधं चिकटतात, भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना ती भिंतच नाही म्हणून आपल्याला फारसा त्रास होत नाही (अॅलर्जीवाले सोडून). ईएसबीएल म्हणजे जंतूकडं असं एन्झाइम आहे जे ते कडंच तोडून टाकतं, एका झटक्यात सगळे भाऊबंद बाद. तिसऱ्या पिढीचं महागडं इंजेक्शन द्या नाहीतर साधी गोळी, कडं तेच, कापणारा तोच. मेरोपेनमसुद्धा याच मोठ्या घराण्यातलं आहे, फक्त त्याची रचना अशी की ईएसबीएलला ते सहसा तोडता येत नाही. पण त्यालाही तोडणारी एन्झाइम निघालीत, एनडीएम-१ त्यातलंच, २००९ मधे जगासमोर आलं, म्हणून ते इंजेक्शन आयसीयूतल्या पेशंटसाठी राखून ठेवायचं असतं.

आता लिव्हो. सिप्रो, लिव्हो, ओफ्लॉक्स, नॉरफ्लॉक्स हे दुसरं घराणं, फ्लोरोक्विनोलोन. जंतूचा डीएनए कॉपी होताना त्याचा पीळ सोडवणारं गायरेज नावाचं एन्झाइम असतं, त्यावर हे बसतात. त्या गायरेजमधेच थोडा बदल झाला की सगळ्या घराण्याची पकड सुटते. मायनं सिप्रो घेतली होती ना, मग लिव्हो न घेताही आर येणारच.

मेडिकलवाला_पारोळा
ताईंनी छान सांगितलं. मी दुकानाच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. काउंटरवर माणूस येतो, म्हणतो जरा पावरफुल दे, मजुरी बुडतेय. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातो. सेफिक्झिम, लिव्हो, मेरोपेनम हे २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधे आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरला डॉक्टरचं नि पेशंटचं नाव लिहून ३ वर्षं जपून ठेवायचं. नियम चांगला आहे, पाळतात किती ते तुम्हीच बघा आजूबाजूला. आणि सर्दी-खोकल्याला अझिथ्रोमायसिन मागणारे तर रोज, बहुतेक सर्दी व्हायरसची, ही गोळी जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रावर काम करते, व्हायरसला रायबोसोमच नसतो तर ती करणार काय!

बाळूभाऊ, डब्यात उरलेली पाकिटं पहिले फेका.

लिंबूवाला_पाचोरा
मधेच विचारतो, आम्ही लिंबावरच्या खैऱ्या रोगाला कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत स्ट्रेप्टोसायक्लीन मारतो, डाळिंबवाले तेल्या रोगाला मारतात. दुकानदार म्हणे ते पण अँटिबायोटिकच आहे. खरं का?

लॅबवाली_धुळे
खरं आहे दादा. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन असतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ ला सापडलं, टीबीवर चाललेलं पहिलं औषध तेच, आणि या रिपोर्टातल्या अमिकासिनच्याच घराण्यातलं. दोन्ही जंतूच्या रायबोसोमच्या लहान भागाला पकडतात, मग प्रोटीन चुकीचं तयार होतं. शेतात याचा वापर बंद करायचा मसुदा केंद्रानं डिसेंबर २०२१ मधे काढला होता. मातीतल्या जंतूंनाही ते औषध लागतंच, त्यातले टिकणारे टिकतात. तोंडाला काही न बांधता फवारू नका एवढं तरी बघा.

तापीकाठ
मला एक कळत नाही ताई. एकीकडं म्हणतात कोर्स अर्धवट सोडला की जंतू हुशार होतो, दुसरीकडं म्हणतात औषध जास्त खाल्लं की हुशार होतो. नक्की काय? आमच्या फॅमिली डॉक्टरचा एक नियम, शहरातल्याचा दुसरा.

लॅबवाली_धुळे
तापीकाठ, चांगला प्रश्न, यावर डॉक्टरांतच वाद आहे. २०१७ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे काही तज्ज्ञांनी लिहिलं की 'कोर्स पुरा केला नाही तर रेझिस्टन्स येतो' याला म्हणावा तसा पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानं अंगातल्या बाकीच्या जंतूंमधे रेझिस्टन्स वाढतो. टीबीचं मात्र वेगळं, तिथं मधे सोडलं की खरंच घात होतो. म्हणून दिवस डॉक्टरनं ठरवायचे, आपण ना कमी करायचे ना वाढवायचे.

आणि जंतू "हुशार" होतो हे मला पटत नाही. ई. कोलाय आपल्या आतड्यात नेहमीच राहतो, कोट्यवधींनी. तुम्ही दाढेसाठी नाहीतर जुलाबासाठी अँटिबायोटिक खाल्लं की आतड्यातले साधे मरतात, ज्यांच्याकडं आधीच ते एन्झाइम होतं ते उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. चांगल्या परिस्थितीत हा जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. त्यात ईएसबीएलचा जीन बहुतेकदा प्लाझ्मिडवर असतो, म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं, जे एक जंतू दुसऱ्याला देऊन टाकतो. त्याच प्लाझ्मिडवर कोट्राय वगैरेंना तोंड देणारे जीनही पुष्कळदा शेजारी-शेजारी बसलेले असतात. त्यामुळं एक औषध खाल्लं की न खाल्लेल्या औषधांचा रेझिस्टन्सही सोबत निवडला जातो. मायच्या रिपोर्टातल्या कोट्रायपुढच्या आरचं उत्तर यातच असेल.

नायट्रोफुरँटॉइनला मावसभाऊ हलकी म्हणतो, तर ती १९५३ पासून वापरात आहे आणि अजून ई. कोलायवर चांगली चालते. कारण ती एकाच जागी मारत नाही, जंतू स्वतःच तिचं रूपांतर करतो आणि त्यातून जे तयार होतं ते त्याच्या डीएनएवर, प्रोटीनवर असं बऱ्याच ठिकाणी हल्ला करतं, एक बदल करून सुटका होत नाही. पण ती फक्त लघवीत साठते, रक्तात पुरेशी राहत नाही. म्हणून नुसत्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला उत्तम, ताप-थंडी वाजून आली, पाठीत दुखलं, उलट्या झाल्या तर किडनीपर्यंत गेलं समजायचं आणि मग ही चालत नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि किडनी कमजोर असेल तर ही नको, म्हणून क्रिएटिनिन बघितलंय का विचारा.

चोपड्याचा_बाळू
विचारलं ताई, क्रिएटिनिन नॉर्मल निघालं, जेवणानंतर घ्या म्हटलेत. आता जळजळ बरीच कमी आहे, पण लघवी चहासारखी तपकिरी झाली म्हणून माय घाबरली. आणि संपल्यावर परत कल्चर करायचं का?

लॅबवाली_धुळे
तो रंग गोळीचा आहे, जाईल. पण डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली, धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. त्रास पूर्ण गेला तर परत कल्चर सहसा नको. या वयात काही त्रास नसतानाही बऱ्याच बायांच्या लघवीत जंतू निघतात, त्याला औषध लागत नाही, रिपोर्ट बघून आपणच उगाच अजून एक अँटिबायोटिक खातो. त्रास परत सुरू झाला तरच सँपल द्या, आणि ते गोळी सुरू करायच्या आधी, निर्जंतुक डबीत, पहिली धार सोडून मधली. चोपड्याहून लॅबपर्यंत यायला उशीर लागणार असेल तर डबी बर्फात ठेवून आणा, या उन्हात तासभर नुसती राहिली तर डबीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो.