मदत हवी आहे: गोचीड तापातली कुत्री गोळी घेईना

नमस्कार मंडळी. आमची चिंगी गावठी आहे, सहा वर्षांची, वजन 18 किलो. गेल्या आठवड्यात जेवण सोडलं, अंग तापलं, पोटावर बारीक लाल ठिपके. रक्त तपासलं तर एर्लिकिया (गोचिडीतून पसरणारा जंतू) निघाला, प्लेटलेट्स फक्त 42,000. तीन दिवस सलाईन झालं, आता ताप नाही. घरी 28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यायचंय आणि आज कुठे सहावा दिवस.

अडचण गोळीची. पोळीच्या तुकड्यात गुंडाळून दिली की बाई पोळी गिळतात आणि गोळी नेमकी बाहेर ठेवतात. काल केर काढताना सोफ्याखाली दोन सापडल्या, चाटून चाटून गुळगुळीत झालेल्या! आईने दहीभातात कालवली तर ताट चकाचक. पण डॉक्टरांनी गोळीसोबत दूध-दही नको असं बजावलंय, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. उपाशीपोटी जबडा उघडून घातली तर अर्ध्या तासात पिवळं ओकते.

दह्याशिवाय कशात लपवू? उकडलेलं चिकन, अंडं, कलेजी, कुणाचा काय अनुभव? बुडालेल्या डोसचं उद्या सकाळी डॉक्टरांना विचारतेच आहे.

दुसरं, भिंतीच्या फटींत अजून गोचिडी दिसतायत. घरात मांजरही आहे, त्यामुळे फवारणी करायला भीती वाटते. काय केलंत तुम्ही?

आणि शेजारच्या काकांसारखं ‘अर्धी क्रोसिन द्या’ कृपया सांगू नका, कुत्र्या-मांजरांना ती बाधते.