मदत हवी आहे: चोरलकडच्या सरकारी टेकडीला अभयारण्य कसं करून घ्यायचं?

रानवाट: मंडळी लवकर सांगा प्लीज. इंदूरजवळ चोरलच्या बाजूला एक टेकडी आहे, सरकारीच आहे, लहानपणापासून बाबांबरोबर जातोय तिथे, आता रात्री ट्रॅक्टर येतात अन् मुरूम उचलून नेतात, दोन ऑफिसांत अर्ज दिले, दोन्हीकडे म्हणतात आमचं नाही. अभयारण्यासाठी अर्ज कुठे करायचा?

पलासियावाला: सरकारी म्हणजे कुणाची? वनविभागाची की महसूलची? खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, काय लिहिलंय?

जुना इंदुरी: रालामंडळ होळकरांची शिकारगाह होती, १९८९ला अभयारण्य झालं, म्हणून तर इंदूर शहराला लागून असून टिकलं. अभयारण्यच मागा.

धारची सून: काका, नका हो. आमच्याकडे सरदारपूरला १९८३मध्ये खरमोर पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी आल्या, वर्षानुवर्षं खरेदी-विक्री अडकली, लोक पक्ष्यावरच चिडले. आधी गावाशी बोला.

जुना इंदुरी: अगं पण तो सरकारी म्हणतोय ना, शेतं कुठे आली मध्येच?

हिरवाई: आमचा ग्रुप रोपं फुकट देतो, पावसाळ्यात वडपिंपळ लावून टाका.

धारची सून: गवताची टेकडी असेल तर अजिबात लावू नका, खरमोराला गवतच लागतं.



रानवाट: खसरा काढला, ‘छोटे झाड का जंगल’ लिहिलंय. पटवारी म्हणतात पडीक आहे.

पलासियावाला: अरे हेच आधी सांगायचं होतं! पडीक नाही ती. गोदावर्मन केसमध्ये १२ डिसेंबर १९९६ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, मालकी कुणाचीही असो, सरकारी कागदावर जंगल असेल तर १९८०चा वन संरक्षण कायदा लागू, केंद्राच्या मंजुरीशिवाय दुसरा वापर करता येत नाही. फक्त २०२३च्या दुरुस्तीमुळे २५ ऑक्टोबर १९८० किंवा त्यानंतरच्या रेकॉर्डमध्ये ‘जंगल’ आहे ना ते बघ. मुरमासाठी आजच कलेक्टर अन् खनिज विभागाला खसरा नंबर, फोटो, तारखा देऊन तक्रार कर, आवक नंबर घेतल्याशिवाय निघू नकोस. अभयारण्याऐवजी वन्यजीव कायद्याचं कलम ३६अ वाच, कन्झर्वेशन रिझर्व्ह म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र, सरकारी जमिनीसाठीच आहे, स्थानिक लोकांशी चर्चा करून राज्य सरकार जाहीर करतं.

धारची सून: हेच म्हणत होते मी. गुरं कुणाची चरतात तिथे?

रानवाट: गावातल्या आठ-दहा घरांची, ते आपलेच आहेत, ट्रॅक्टरवाले बाहेरचे. १९८०नंतरचा जुना खसरा कुठे मिळेल?

पलासियावाला: रेकॉर्ड रूमला नक्कल मागायची. जाताना त्या घरांतल्या कुणाला तरी सोबत ने.